लाइन आली की तो पाण्याकडे जायचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या गावातून नऊ वर्षांचा एक मुलगा दुपारी घरातून निघून गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेततळ्यात मृतावस्थेत सापडला. त्याला बोलता येत नव्हतं. शवविच्छेदनात बुडून मृत्यू असं आलं, पोलिसांनी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यू, नोंदवून तपास पूर्ण केला, आणि कागदोपत्री प्रकरण मिटलं. मला लिहायचं आहे ते लोकांबद्दल. शोध चालू असताना लोक काय करत होते, मुलगा सापडल्यावर काय म्हणाले, आणि पुढच्या काही महिन्यांत त्या घराशी कसे वागले. गावातली माणसं निर्दयी नव्हती. दोन रात्री त्यांनी डोळ्याला डोळा लावला नाही. पण त्या पोराला खऱ्या अर्थानं ओळखणारं एकच माणूस गावात होतं, त्याची आई. पोरगा सापडेपर्यंत तिला कुणी काही विचारलं नाही. सापडल्यावर मात्र सगळ्यांनी तिलाच जाब विचारला.

विशेष गरजा असलेल्या मुलांना घरी जाऊन शिकवण्याचं काम मी या तालुक्यात करते, आणि हा मुलगा माझ्या यादीत होता. त्याचं, त्याच्या घरच्यांचं आणि गावाचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. बाकी जे घडलं ते असं.

मुलगा आणि त्याचा दिवस

त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर ‘बौद्धिक अक्षमता’ एवढंच लिहिलेलं होतं. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) होता हे त्याच्याजवळ तासभर बसलेल्या कुणालाही कळलं असतं, पण त्याची नोंद कुठेच झाली नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यात स्वमग्नता वेगळी धरली. खेड्यातल्या घरापर्यंत हा फरक अजून पोचलेला नाही. गावाच्या लेखी तो ‘मुकं पोरगं’ होता, आणि तो नसताना ‘येडं पोरगं’. जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीपटावर तो चौथीत होता. वर्गात मात्र कधी बसला नाही, कारण घंटा झाली की कानांवर हात ठेवून तो थेट फाटकाबाहेर धाव घ्यायचा.

आवाज हेच त्याचं जग होतं. नाव घेऊन हाक मारली तर मान वळायची नाही. मोटारीचा आवाज मात्र तो अर्ध्या शिवारातून ओळखायचा. स्टार्टरचा खटका पडतो, मोटार आधी कण्हल्यासारखी करते, मग पाइपात पाणी चढतं आणि हरभऱ्यात स्प्रिंकलर फिरायला लागतो. तो फिरताना होणाऱ्या टक्‌टक्‌ आवाजापाशी पोरगा तासन्‌तास बसायचा, तळहात फवाऱ्याखाली धरून. बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसलं नसतं. पण त्याच्या दिवसातली शांत वेळ तेवढीच होती, आणि त्याची आई ती ओळखून होती.

आमच्याकडे शेतीची वीज चोवीस तास नसते. थ्री-फेज लाइन कधी दिवसा मिळते, कधी रात्री, आणि पाळी आठवड्यानं बदलते. शेतकरी ते वेळापत्रक ओलितासाठी पाठ करतो. या बाईनं ते पोरासाठी पाठ केलं होतं. दिवसाच्या लाइनीचा आठवडा असला की दाराला कुलूप आणि किल्ली आजीच्या कमरेला. रात्रीच्या लाइनीचा असला की नुसती कडी पुरायची, कारण दुपारी शिवार गप्प असायचं आणि पोरगा आपल्या डब्यातले नटबोल्ट रांगेत लावत बसायचा. चार वर्षं हा बंदोबस्त चुकला नव्हता. कुणीही न शिकवता एका मजूर बाईनं लेकराच्या सुरक्षेसाठी एवढी नेमकी व्यवस्था बसवली होती, हे या प्रकरणात सगळ्यात आधी नोंदवायला हवं होतं. ते कुठेच नोंदलं गेलं नाही.

तो आठवडा रात्रीच्या लाइनीचा होता. त्याआधी दोन दिवस बिघाडामुळे लाइन आलीच नव्हती, आणि त्याची भरपाई म्हणून त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ती सोडण्यात आली. निरोप गावातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर आला. या घरी ओलित नाही, त्यामुळे निरोपही नाही. बाप तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये हमालीला गेलेला. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला. आजी जेवून लवंडली होती. कडी काढायला पोरगा केव्हाच शिकला होता.

दुपार ते रात्र

अडीचच्या सुमारास आजी जागी झाली आणि तिनं आरडाओरड केली. तीनपर्यंत आई वावरातून धावत आली, आणि पाचपर्यंत निम्मं गाव शोधायला निघालं होतं. इथपर्यंत गावाचं वागणं कुणालाही अभिमान वाटावा असं होतं. ज्यांचं त्या घराशी बोलणं नव्हतं तेही मोटारसायकली काढून निघाले. पेट्रोलला पैसे कुणी मागितले नाहीत.

पण शोध कसा घेतला? सगळ्यांनी तो बोलणारं, चुकलेलं पोर शोधावं तसा घेतला. बसथांबा, किराणा दुकान, मामाचं गाव, आठवडी बाजाराची जागा. पांदणीनं जात नावानं हाका मारल्या. दोन पोरं शेततळ्याच्या बाजूलाही गेली होती. तिथल्या बांधाचा भराव माणसाच्या डोक्याएवढा आहे, वर चढल्याशिवाय पाणी दिसत नाही. त्यांनी खालूनच हाका मारल्या, ओ आली नाही, आणि ती परत फिरली. ‘तळ्याकडे पाहून आलो’ हे त्यांचं वाक्य पुढचे दोन दिवस सगळ्यांनी खरं धरलं.

आईनं सांगितलं नव्हतं असं नाही. घराच्या ओट्यावर जमलेल्या बायांना ती म्हणाली होती, ‘लाइन आलती ना आज दुपारी? मंग तो पान्याकडंच गेला असन.’ एका बाईनं ते नवऱ्याला सांगितलं. तिकडे पाहून झालंय, असं उत्तर आलं. रडणाऱ्या बाईचं बोलणं म्हणून ते तिथेच राहिलं. शोधाची सूत्रं पारावर बसलेल्या पुरुषांच्या हाती होती, आणि ओट्यावरचं बोलणं पारापर्यंत पोचलं नाही.

रात्री आठला बापानं ठाण्यात तक्रार दिली. पोलिसांनी टाळाटाळ केली नाही, हे सांगायला हवं. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा धरूनच नोंद करायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगितलं. त्याप्रमाणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली गुन्हा त्याच रात्री दाखल झाला. फोटो, उंची, रंग, अंगावरचे कपडे विचारून झाले. मग कुणाशी वैर आहे का, शेतीचा वाद आहे का, उसनवारी आहे का. वर्णनाच्या रकान्यात ‘मतिमंद, बोलता येत नाही’ असं लिहिलं गेलं. हा मुलगा कशाकडे ओढला जातो, कशाला घाबरतो, हाकेला ओ देतो की नाही, यासाठी त्या अर्जात रकाना नव्हता. आई ठाण्याबाहेर पायऱ्यांवर बसून होती. तिला आत बोलावलं ते अंगठ्यापुरतं.

घर सोडून निघून जाणं हे स्वमग्न मुलांमध्ये नवं नाही. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा ४९ टक्के मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर निदान एकदा तरी सुरक्षित जागा सोडून जायचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं. जी मुलं काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता राहिली, त्यांतल्या २४ टक्के मुलांवर बुडण्याचा प्रसंग येता येता टळला होता. म्हणजे अशा मुलाचा शोध सुरू झाला की पहिली माणसं पाण्याकडे पाठवायची. विहीर, तळं, नाल्यातला डोह, कालवा. हे साधं सूत्र आमच्या तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. ते सांगायला पुढे कुणी आलंही नाही.

तेव्हा विचारलं असतं तर पोरगा जिवंत सापडला असता, असं मी म्हणणार नाही. तो त्याच दुपारी, बहुधा आजी जागी होण्याआधीच, पाण्यात पडला असावा. आणि आवड विचारली की मूल सापडतंच असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये ४ ऑक्टोबर २०१३ रोजी अवॉन्टे ओकेंडो नावाचा १४ वर्षांचा, न बोलणारा स्वमग्न मुलगा शाळेतून निघून गेला. त्याला रेल्वेचं वेड होतं म्हणून भुयारी रेल्वेचे बोगदे पालथे घातले, स्थानकांवर त्याच्या नावाच्या उद्घोषणा केल्या. जानेवारी २०१४ मध्ये त्याचे अवशेष ईस्ट रिव्हर नदीच्या काठी सापडले. तिथे विचारूनही हाती काही लागलं नाही. पण तिथल्या लोकांची हळहळ वाया गेली नाही. अवॉन्टेचं नाव आणि २००८ मध्ये आयोवा राज्यात नदीत बुडालेल्या नऊ वर्षांच्या केविनचं नाव जोडून २०१८ मध्ये एक कायदा झाला. अशी मुलं निघून जाऊ नयेत आणि गेली तर लवकर सापडावीत, यासाठी पोलिसांच्या प्रशिक्षणाला आणि माग काढणाऱ्या उपकरणांना त्यातून पैसा मिळतो.

आमच्याकडे ती हळहळ कुठे गेली ते पुढे येतंच.

अफवांचा दीड दिवस

संध्याकाळी पोराचा फोटो मोबाइलवरच्या गटांत गेला. रात्री दहापर्यंत त्या फोटोखालचा मजकूर तीनदा बदलला होता. आधी ‘बेपत्ता’, मग ‘पळवून नेला’, मग ‘पांढऱ्या गाडीतून आलेल्या टोळीनं तालुक्यातली चार मुलं उचलली’. चार मुलं कुठली, कुणी विचारलं नाही. मूल पळवणाऱ्या टोळीची गोष्ट आपल्याकडे कायम तयारच असते, तिला फक्त एक फोटो लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावात चादरी विकणाऱ्या दोघा फेरीवाल्यांना लोकांनी अडवलं. त्यांच्या गठ्ठ्यात लहान मुलाचा एक स्वेटर निघाला. तो विकायचाच होता, पण ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत तिथे कुणी नव्हतं. जमाव शंभरावर गेला. त्या गावच्या पोलीस पाटलानं प्रसंग ओळखला. दोघांना ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून त्यानं बाहेरून कुलूप लावलं, आणि किल्ली खिशात ठेवून दारात स्वतः उभा राहिला. पोलिसांची गाडी येईपर्यंत त्यानं शिव्या खाल्ल्या, खांद्यावर एक काठीही खाल्ली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना अशाच संशयावरून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं होतं. इथे त्याच प्रकारच्या खोलीनं दोन जीव वाचले, कारण दारात एक माणूस पाय रोवून उभा होता. त्या पोलीस पाटलाचा सत्कार कुणी केला नाही. खरं तर तो तालुक्याच्या ठिकाणी, सगळ्यांसमोर व्हायला हवा होता.

या एका प्रकारात ठाण्याची निम्मी माणसं दुपारपर्यंत अडकली. शोध थांबला.

दुपारनंतर दुसरी अफवा उठली, नरबळीची. अमावास्या दोन दिवसांवर होती, आणि ‘असं पोरगं चालते त्याईले’ हे कुठून आलं ते कुणी सांगू शकत नव्हतं. गावाच्या टोकाला एकटा राहणारा, जडीबुटी देणारा एक म्हातारा आहे. तरुणांचा घोळका त्याच्या झोपडीत शिरला, मडकी फोडली, चूल उकरली. काही निघालं नाही. म्हातारा त्या संध्याकाळी लेकीच्या गावी निघून गेला, तो अजून परतलेला नाही. नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रानं २०१३ मध्ये केला. एखादा माणूस करणी किंवा जादूटोणा करतो असं पसरवून त्याचं जगणं मुश्कील करणं हाही त्याच कायद्यानं गुन्हा आहे. पण म्हाताऱ्यानं तक्रार दिली नाही, आणि त्याच्या वतीनं द्यावी असं गावातल्या कुणाला वाटलं नाही.

एक प्रश्न मला अजून सोडत नाही. टोळीवर आणि बळीवर विश्वास ठेवायला गाव तासाभरात तयार झालं, मग ‘तो पाण्याकडे गेला असेल’ यावर का नाही? मला वाटतं, गावाच्या मनात त्या पोराला स्वतःची म्हणून काही ओढ, काही मर्जी असू शकते हेच नव्हतं. त्याला कुणीतरी नेलं असेल, उचललं असेल, चढवलं असेल. तो आपल्या पायानं, आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीकडे चालत गेला असेल हे सुचायला आधी तो माणूस म्हणून दिसावा लागतो.

सापडल्यावर

तिसऱ्या दिवशी सकाळी सालदार मोटार सुरू करायला तळ्यावर गेला आणि त्याला शर्ट दिसला. गावाच्या शेवटच्या घरापासून ते तळं चालत दहा मिनिटांवर आहे. योजनेतलं नेहमीच्या मापाचं तळं, तीस मीटर बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. अशा कागदावर ओलं शेवाळ धरलं की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. मी नंतर तिथे गेले तेव्हा उतारावर हातानं ओरखडल्यासारख्या खुणा होत्या. त्या त्याच्याच की आणखी कुणाच्या, सांगता येत नाही. कुंपण नव्हतं. आत पडलेल्याला धरून वर यायला दोर किंवा टायरही नव्हता. दोनशे रुपयांचा गाठी मारलेला दोर चारही बाजूंनी सोडून ठेवला तरी पाण्यात पडलेलं मूल त्याला धरू शकतं. तो आमच्या भागातल्या फार थोड्या तळ्यांवर दिसतो.

प्रेत बाजेवर घेऊन वर काढताना बांधावर सत्तर-ऐंशी माणसं होती आणि निदान वीस मोबाइल वर धरलेले होते. आई तिथे पोचली, खाली पडली, तिचं लुगडं सुटलं. हेही त्या चित्रणात आहे. संध्याकाळपर्यंत त्यावर दुःखी गाणं चढवून ते तालुकाभर फिरलं. तिच्या भावानं हात जोडून गटागटांत विनंती केली, तेव्हा काहींनी काढून टाकलं. पण ते अजूनही कुठे कुठे निघतं. फोटो फिरवण्याची गरज मूल सापडेपर्यंत असते, हे शोधासाठी फोटो टाकणाऱ्या प्रत्येकानं त्याच वेळी लिहायला हवं, आणि सापडल्यावर तो स्वतःहून मागे घ्यायला हवा.

चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग, मध्ये पोराचा चेहरा. तो चेहरा त्याच्या दिव्यांग ओळखपत्रावरून घेतला होता, कारण समोर पाहणारा त्याचा दुसरा फोटोच नव्हता. तो कॅमेऱ्याकडे कधी पाहत नसे. मूळ फोटोत त्याच्या हनुवटीखाली आईची दोन बोटं आहेत, तोंड समोर राहावं म्हणून धरलेली. फ्लेक्स करणाऱ्यानं ती बोटं कापून टाकली होती.

शाळेत दोन मिनिटं शांतता पाळली. सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्याच कायद्यानं दिला आहे. त्या दोन मिनिटांत उभ्या असलेल्या बऱ्याच मुलांनी आपल्या या वर्गमित्राला कधी पाहिलंही नव्हतं.

‘सुटला बिचारा’

मग भेटायला येणारे सुरू झाले. ओट्यावर बसून प्रत्येकानं थोड्याफार फरकानं तेच म्हटलं. ‘सुटला बिचारा.’ ‘तुई बी सुटका झाली माय.’ ‘देवानं सोडवलं, मांगं तुमच्या नंतर कोन पायलं असतं त्याले?’ त्याच्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवून, ‘हे आहे ना, हिच्याकडं पाय आता.’

हे बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांतल्या कितीतरी जणांनी रात्रभर बॅटऱ्या घेऊन शिवार धुंडाळलं होतं. नऊ वर्षं त्या बाईचे हाल त्यांनी पाहिले होते आणि त्यांना तिचं खरोखर बरं चिंतायचं होतं. पण नेमकं हेच बोलणं मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जड वाटतं. मरण ही सुटका मानली की बाकीचे प्रश्न उरतच नाहीत. कुंपण का नव्हतं, शाळेत का बसला नाही, स्वमग्नतेची नोंद का झाली नाही, वेचणीला गेलेल्या आईच्या लेकराला दिवसभर सांभाळणारी जागा गावात का नाही, यांतलं काहीच मग विचारावं लागत नाही. पोलिसात कुणी पाठपुरावा केला नाही, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, ग्रामपंचायतीनं त्या महिन्यात विषय घेतला नाही. हीच दुर्घटना सरपंचाच्या बोलक्या नातवाच्या बाबतीत झाली असती तर गाव रस्त्यावर उतरलं असतं. हे मला तिथल्याच एका शिक्षकांनी सांगितलं आणि मला ते पटतं.

आई तेव्हा कुणाला काही बोलली नाही. नंतर मी एकटी असताना म्हणाली, ‘नऊ वर्ष हागणंमुतणं काढलं मॅडम. ते का सुटाले काढलं मी?’

जाब

सांत्वनाला आठवडा झाला नसेल तोच वारं फिरलं. ‘असं पोरगं घरी ठेवून वेचाले जातेच कशी?’ हे आधी नळावर, मग उघड. बाप जिनिंगवर होता, त्याला कुणी विचारलं नाही की तू का गेलास. दोघांची मजुरी मिळाल्याशिवाय ते घर चालत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. वेचणीचे दीड-दोन महिने हीच त्या घराची वर्षाची बेगमी. तरी दोष एकीवर आला.

पुढे त्याहून वाईट झालं. ठाण्यात एक निनावी अर्ज गेला, आईनंच पोराला ढकललं, ती कंटाळली होती, असा. पोलिसांना चौकशी करावी लागली. तिचा जबाब पुन्हा घेतला, या वेळी सविस्तर, दोन तास. नऊ वर्षांत तिच्या लेकराबद्दल तिला एवढे प्रश्न पहिल्यांदाच विचारले गेले, आणि तेही आरोपी म्हणून. तिला वाचवलं ते वेचणीच्या मुकादमाच्या वहीनं. सकाळच्या तोलात तिच्या नावापुढे एकोणीस किलो, दुपारच्या तोलात बारा, आणि दोन्ही तोलांना ती वावरात हजर असल्याचं सांगणाऱ्या अकरा बाया. अर्ज निकाली निघाला. त्याच अकरांपैकी काहींनी मात्र पुढच्या वेचणीला तिला टोळीत बोलावलं नाही.

मी तिला सांगितलं होतं की दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेचा. पोरगा जिवंत असताना त्याला दगड मारणाऱ्यांना आणि नावं ठेवणाऱ्यांना तो लावता आला असता. त्याच्यामागं आईची जी अवहेलना झाली तिच्यासाठी मला असं सरळ कलम सापडलं नाही. तिच्या भावाला आणि मला जे जमलं ते एवढंच की पुढची वेचणी तिला आम्ही दुसऱ्या गावात मिळवून दिली.

या बोलण्याचा परिणाम एका घरापुरता राहिला नाही. बातमी तालुक्यातल्या अशा प्रत्येक घरी पोचली, आणि आयांनी त्यातून जे घेतलं ते हे की, पोर गेलं तर जग तुलाच धरेल. एका घरी मी गेले तर सात वर्षांच्या मुलाचा पाय ओढणीनं बाजेच्या माच्याला बांधलेला. आईच्या डोळ्यात पाणी होतं, पण ती सोडायला तयार नव्हती. ‘तिच्यासारखं नाव नाही ठेवून घ्याचं मले.’ दुसऱ्या घरी शाळेत रमायला लागलेली मुलगी घरी बसवली. बांधलेलं मूल बुडत नाही, हे खरं आहे. पण ते सुटायला शिकतं, आणि सुटलं की आधीपेक्षा जोरानं पळतं. दाराला वरच्या अंगाला, मुलाचा हात पोचणार नाही अशी दुसरी कडी, उघडलं की वाजेल अशी दाराला घंटी, अंगातल्या शर्टाच्या आत शिवलेला फोन नंबर, आणि शेजारच्या चार घरांना आधीच सांगून ठेवणं, या गोष्टी बांधण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात आणि त्यांना फार पैसे लागत नाहीत. बाजेला बांधलेल्या त्या मुलाच्या घरी आम्ही या चारही गोष्टी केल्या. ओढणी सुटायला दोन महिने लागले.

नंतर

बदल झाला तो चादरीवाल्यांना वाचवणाऱ्या त्याच पोलीस पाटलामुळे. दोन्ही गावं त्याला जवळची, नातेवाईक इथेही. त्यानं मला बोलावून विचारलं, अशी पोरं आपल्या दोन्ही गावांत किती? सात निघाली. प्रत्येकाच्या आईजवळ बसून आम्ही एकेक कागद केला. तो कशाकडे पळतो. हाकेला ओ देतो का, नसेल तर कोणत्या आवाजाला थांबतो. कशाला घाबरतो. अनोळखी माणसानं हात धरला तर काय करतो. घरापासून हाकेच्या आणि त्यापुढच्या अंतरात पाणी कुठे कुठे आहे, जवळचं आधी. कागदाची एक प्रत घरी, एक पोलीस पाटलाकडे, एक ठाण्यात. मूल दिसेनासं झालं तर पहिल्या दहा मिनिटांत दोन माणसं थेट यादीतल्या पहिल्या पाण्यावर जाणार आणि बांधावर चढून पाहणार. मगच ११२ ला फोन आणि गटात फोटो. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक त्या तीन दिवसांत कुणीही लावला नव्हता, तोही आता कागदावर आहे.

कागद भरताना पोलीस पाटलानं त्या मुलाच्या आईलाही बोलावलं होतं. आधी मला ते बरं वाटलं नाही. पण ती आली, आणि कोणते प्रश्न राहिलेत ते तिनंच सांगितलं. ‘लाइनीचा टाइम लिवा,’ ती म्हणाली. सातांतल्या दोघांच्या कागदावर आता तो आहे, आणि लाइनीची वेळ बदलल्याचा निरोप ओलित नसलेल्या त्या घरांनाही जातो. एका मुलीची ओढ पाण्याकडे नसून रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडे आहे, हेही तिनंच तिच्या आईला खोदून विचारून काढलं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत शेततळ्यांच्या कुंपणाचा विषय अखेर आला. शिवारात अशी पाच तळी आहेत. ठरावाला विरोध कुणी केला नाही, पण खर्च कुणी करायचा यावर बराच वेळ गेला. ज्याच्या तळ्यात हे झालं त्या शेतकऱ्यानं तोवर स्वतःच्या पैशानं तारेचं कुंपण घातलं होतं. सुरुवातीला काही पुढाऱ्यांनी त्याच्याकडे लाखांत भरपाई मागून गोंधळ घातला होता, तेव्हा पोराच्या बापानं जाऊन सांगितलं की आम्हाला पैसा नको, तार लावा. ग्रामसभेनंतर आणखी दोघांनी लावली, चौथ्यानं नुसते दोर सोडलेत. पाचव्या तळ्याचा मालक नागपूरला राहतो. त्याला ग्रामपंचायतीची दुसरी नोटीस गेली आहे.